काळ्या रानाला वळसा: परभणीच्या डोंगरमाथ्यावरून चालणारे लमाण तांडे

परभणी जिल्हा म्हटले की डोळ्यांपुढे येते ती गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतील काळीभोर, सपाट जमीन. नकाशा जरा बारकाईने पाहिला तर या काळ्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी डोंगरांची किनार दिसते. उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगेतून फुटलेली आणि पुढे निर्मळकडे जाणारी टेकड्यांची ओळ, दक्षिणेला गंगाखेड-पालमच्या बाजूस बालाघाट. सह्याद्रीच्या मानाने हे डोंगर अगदीच बसके. कडे नाहीत, धुके नाही, किल्ल्यांची गर्दी नाही. मुरमाड माळ, कुसळी गवत, बाभळी-बोरी आणि मधूनच एखादी खिंड. गिर्यारोहक इकडे फारसे फिरकत नाहीत. आगगाडी आणि पक्की सडक येण्यापूर्वी मात्र हिंदुस्थानातील सर्वांत मोठी पायी वाहतूक अशाच माळांच्या आधाराने चालत असे, आणि ती चालवणारे लोक होते लमाण, म्हणजेच बंजारा.

तांड्यांना डोंगरमाथा का हवा, हे समजण्यासाठी आधी काळी जमीन समजून घ्यावी लागते. उन्हाळ्यात ती हातभर भेगाळते. पाऊस पडला की तिचा असा चिकट गारा होतो की माणसाच्या पायाला ढेकूळ बांधल्यासारखे वाटते, मग पाठीवर ओझे असलेल्या बैलाची काय कथा! पेरणीपासून काढणीपर्यंत तर त्या जमिनीतून हजारो जनावरे नेणे म्हणजे गावोगाव भांडण ओढवून घेणे. उलट मुरमाड माळावर पाणी थांबत नाही, खुराला घट्ट जमीन मिळते आणि उभे पीक आडवे येत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेथे चराई असते. मारवेल, पवन्या, कुसळी ही माळावरची गवते हेच या साऱ्या व्यापाराचे इंधन होते. बैलाला विकतचा चारा घालावा लागला असता, तर मीठ आणि धान्य यांसारखा स्वस्त माल शेकडो मैल नेणे कोणालाच परवडले नसते. चालता चालता चरणारा बैल हीच लमाणांची खरी पुंजी.

या व्यापाराला बंजारा समाज 'लदेणी' म्हणतो. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी जाड विणीची गोणी टाकायची, तिच्यात मीठ, गहू, डाळ किंवा कापूस भरायचा आणि निघायचे. पुढे घुंगरमाळा व कवड्यांनी सजवलेला म्होरक्या बैल, मागे कळप, बाजूला राखणीचे कुत्रे. तांड्याचा प्रमुख नायक आणि त्याच्या हाताखाली कारभारी. स्त्रिया आणि मुले मागे घरी राहत नसत, कारण घरच चालत असे. मुक्कामाला गोण्या उतरवून एकावर एक रचल्या की त्यांचाच कोट तयार होई, आणि त्याच्या आड माणसे निजत. 'लमाण' या नावाची व्युत्पत्ती लवण म्हणजे मीठ या शब्दापासून सांगतात. तिच्यावर मतभेद आहेत, पण मिठाशी या लोकांचे नाते होते याबद्दल वाद नाही. किनाऱ्यावरचे मीठ घाटांवर चढायचे आणि उतरताना धान्य किंवा कापूस यायचा. वऱ्हाडातील कापूस एके काळी बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरला जात असे. अंतर सुमारे ५०० मैल.

या तांड्यांचा आकार ऐकून आजचा वाचक थबकतो. १६३२ साली पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला उत्तर हिंदुस्थानात धान्य लादलेल्या १४,००० बैलांचा एक तांडा भेटला. ढोबळ हिशोब करू. बैलामागे अवघा एक क्विंटल धरला तरी १,४०० टन माल झाला. आजच्या एका मालगाडीत साधारण अडीच हजार टन धान्य मावते. म्हणजे निम्म्याहून अधिक मालगाडी, आणि तीही पायी! मंडीने वेगही नोंदवला आहे: दिवसाला फार तर सहा-सात मैल, तेही उन्हे कलल्यावर. या गतीने जिंतूरहून परभणीमार्गे गंगाखेड गाठायला आठवडा लागला असता. आज तेच अंतर दोन तासांचे आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये यानेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, तर तो पूर्ण सरकेपर्यंत इतर वाटसरूंना दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे, असे तो सांगतो.

त्या काळी आजचा परभणी परिसर म्हणजे सीमेवरचा मुलूख होता. आजचे तालुक्याचे गाव पाथरी हे अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते, आणि 'आईन-ए-अकबरी'त त्याची नोंद आहे. पुढे शहाजहानच्या फौजा दख्खनेत उतरल्या तेव्हा गोदाकाठच्या या पट्ट्यात धान्य पुरवणे ही साधी गोष्ट नव्हती. १६३० ते १६३२ या वर्षांत तर गुजरात आणि दख्खन भीषण दुष्काळात होरपळत होते. बंजारा परंपरा सांगते की भंगी आणि जंगी हे नायक याच सुमारास वजीर असफखानाच्या फौजेबरोबर १,८०,००० बैल घेऊन आले आणि त्यांना वाटेत पाणी व गवत घेण्याची सनद ताम्रपटावर मिळाली. मंडीच्या आकड्याशेजारी ठेवला तर हा आकडा एका तांड्याचा वाटत नाही. अनेक तांड्यांची बेरीज मानली, तरच त्याचा मेळ बसतो. पण परंपरेने काय जपून ठेवले ते पाहण्यासारखे आहे. जमीन नाही, जहागीर नाही. मागितले ते पाणी आणि गवत. चालणाऱ्या माणसाला याहून मोठे इनाम कोणते?

लढाई कोणाचीही असो, धान्य लमाणांचे, अशी पुढची दोन शतके गेली. त्यांना लुटणारा सेनापती उपाशी मरत असे, म्हणून दोन्ही बाजू त्यांना सहसा हात लावत नसत. १७९१-९२ मध्ये टिपूविरुद्ध कॉर्नवॉलिसचे सैन्य त्यांच्याच आधारावर तगले. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली गोदावरीच्या खोऱ्यात मराठ्यांच्या फौजांमागे धावत होता आणि त्याच्या पत्रव्यवहारात 'ब्रिंजारी' हा शब्द वारंवार येतो. असईची लढाई शौर्याने जिंकली असे सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. पण शूर शिपायालाही भाकरी लागते आणि ती कोणाच्या तरी बैलाच्या पाठीवरून येते, हे लढायांच्या वर्णनांत क्वचितच वाचायला मिळते.

याच काळात बंजारा समाजाला त्याचा संत मिळाला. परंपरेनुसार सेवालाल महाराजांचा जन्म १७३९ मध्ये आजच्या आंध्रातील गुत्ती परिसरात झाला, आणि त्यांची समाधी आजच्या वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवीला आहे. या दोन टोकांमधील अंतर पाहिले की लमाणांचा 'मुलूख' किती लांबरुंद होता याचा अंदाज येतो. आजही रामनवमीला मराठवाड्यातील तांड्यांची पावले पोहरादेवीकडे वळतात.

शेवट झाला तो हळूहळू. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली आणि वऱ्हाडचा कापूस बैलाच्या पाठीवरून उतरला. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड लोहमार्ग परभणी आणि पूर्णेवरून धावू लागला. विशेष म्हणजे हा मार्ग नेमका त्या सपाट काळ्या पट्ट्यातून गेला ज्याला तांडे वळसा घालत. रुळांना चिखलाचे भय नव्हते. डोंगरमाथा एका पिढीत आडबाजूचा झाला. त्यातच जंगले राखीव होऊ लागली आणि ज्या गवतावर लदेणी उभी होती त्यावर चराईची बंधने आली.

धंदा गेला एवढेच असते तर निभावले असते. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढे अनेक प्रांतांत बंजाऱ्यांवर त्याची छाया पडली. निजामाच्या राज्यातही त्याच धर्तीचा कायदा आला. ज्यांच्या चालण्यावर फौजा आणि बाजारपेठा जगल्या, त्यांचे चालणेच आता संशयाचे कारण ठरले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पुढे १९५६ मध्ये हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि एकाच राज्यातील तांडे तीन राज्यांत विभागले गेले. १९७६ नंतर तेलंगणातील लंबाडा अनुसूचित जमातींत गणले गेले, तर परभणीतील त्यांचे सोयरे विमुक्त जातींत राहिले. या फरकाचा वाद आजही संपलेला नाही.

जिंतूरच्या माळांवर, नेमगिरीच्या जैन लेण्यांपासून येलदरीच्या जलाशयापर्यंत फिरताना गावांच्या नावांपुढे 'तांडा' हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. लमाण स्थिरावले ते याच बरड जमिनीवर, कारण काळे रान केव्हाच इतरांच्या सातबाऱ्यावर चढले होते. मुरमाड शेतात वर्षभराची बेगमी होत नाही. म्हणून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे, म्हणजे पूर्वी लदेणी ज्या हंगामात निघे त्याच हंगामात, या तांड्यांतील कित्येक कुटुंबे बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात.