रिटायर्ड हेर, पेन्शनचे चेक आणि बंदुका: ‘रेड’ बघायला एवढी मजा का येते?

कॉमिक्सवरचा सिनेमा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? घट्ट पोशाख, पाठीवर केप आणि शेवटी कोसळणारं शहर. २०१० साली आलेल्या ‘रेड’मध्ये यातलं काहीच नाही. इथले हीरो चक्क पेन्शनर आहेत! तरीही हा सिनेमा डीसीच्या कॉमिक्सवरूनच आलाय.

नावाचा अर्थ काय?

‘रिटायर्ड, एक्स्ट्रीमली डेंजरस’. म्हणजे निवृत्त, पण अत्यंत धोकादायक.

गोष्ट काय आहे?

फ्रँक मोझेस (ब्रूस विलिस) हा सीआयएचा निवृत्त एजंट. घरी एकटाच राहतो. पेन्शन ऑफिसमधल्या सॅराशी (मेरी-लुईस पार्कर) फोनवर बोलायला मिळावं म्हणून आलेले चेक फाडून टाकतो आणि ‘चेक मिळालाच नाही’ अशी तक्रार करतो. एका रात्री बंदूकधारी त्याच्या घरात घुसतात. आपल्याला कोण आणि का मारायला निघालंय, हे शोधायला फ्रँक बाहेर पडतो आणि जुन्या साथीदारांना गोळा करतो.

मूळ कॉमिक्स कसं होतं?

वॉरन एलिस यांनी लिहिलेलं आणि कली हॅमनर यांनी चित्रं काढलेलं हे कॉमिक्स २००३-०४ मध्ये आलं. फक्त तीन अंकांचं. त्यात विनोद जवळपास नाहीच. नायकाचं नाव पॉल मोझेस. सीआयएचा नवा प्रमुख त्याची जुनी कामगिरी बघून हादरतो आणि त्याला संपवायचा आदेश देतो. पुढे आहे तो एकट्या माणसाचा रक्तरंजित सूड.

तीन अंकांच्या गोष्टीत पूर्ण सिनेमा बसेना. मग लेखक जॉन आणि एरिक होबर यांनी एकट्या मोझेसभोवती अख्खी टोळी उभी केली. नायकाला बोलायला माणसं मिळाली आणि विनोदाला जागा झाली.

टोळीत कोण कोण आहे?

- जो (मॉर्गन फ्रीमन): वृद्धाश्रमात राहणारा, कॅन्सर झालेला ८० वर्षांचा माणूस.
- मार्विन (जॉन मालकोविच): सरकारी प्रयोगात वर्षानुवर्षं एलएसडी दिल्यामुळे डोकं फिरलेला. त्याला सगळीकडे कट दिसतो. गंमत म्हणजे त्याचा संशय बऱ्याचदा खरा ठरतो.
- व्हिक्टोरिया (हेलन मिरेन): फुलं लावते, पाहुण्यांची सरबराई करते आणि अधूनमधून सुपारीही घेते. पार्टीच्या गाऊनमध्ये मशीनगन चालवणारी हीच.
- इव्हान (ब्रायन कॉक्स): रशियन हेर आणि व्हिक्टोरियाचा जुना प्रियकर. तिने त्याच्यावर गोळ्या झाडल्या, पण छातीत, डोक्यात नाही. त्याच्या मते हेच प्रेम!

मजा नेमकी कशात आहे?

दिग्दर्शक रॉबर्ट श्वेंटके हाणामारी गंभीर चेहऱ्याने दाखवतात. गोल फिरणाऱ्या गाडीतून फ्रँक गोळ्या झाडत असा उतरतो, जणू रिक्षातून उतरतोय. कलाकार विनोद करत असल्याचं दाखवत नाहीत, म्हणूनच हसू येतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. म्हातारपणावरचे विनोद आपल्याला नवे नाहीत: ऐकू न येणं, विसरणं, गुडघे. इथे हसू होतं ते म्हाताऱ्यांना निकामी समजणाऱ्यांचं. आयुष्यभर ज्या संस्थेसाठी काम केलं, तिच्या लेखी आपण आता फक्त अडचण आहोत, हे या सगळ्यांना कळून चुकलंय. त्यामुळे धमाल चालू असतानाही कुठेतरी टोचत राहतं.

सीआयएच्या गुप्त फायली सांभाळणाऱ्या हेन्रीकडे मात्र नीट लक्ष द्या. ती भूमिका केलीय ऑस्करविजेते अर्नेस्ट बोर्गनाइन यांनी. सिनेमा आला तेव्हा ते ९३ वर्षांचे होते.

पुढे काय झालं?

‘रेड’ला विनोदी/संगीतमय गटात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं गोल्डन ग्लोब नामांकन मिळालं. २०१३ मध्ये ‘रेड २’ आला, पण आधी पहिलाच बघा.

आजाराचं निदान झाल्याने ब्रूस विलिस यांनी २०२२ मध्ये अभिनय थांबवल्याचं त्यांच्या कुटुंबाने जाहीर केलं. ‘मी अजून संपलेलो नाही’ असं सांगणारा त्यांचा फ्रँक आज बघताना हसू येतंच, पण घसाही थोडा दाटतो.