ठाण्यातील एकाकी धर्मगुरू

1321 साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंची हत्या झाली, तेव्हा त्यांचा डोमिनिकन सहप्रवासी जॉर्डानस बाहेरगावी होता. परतल्यावर त्याने त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले आणि याच पट्ट्यात एकट्याने धर्मकार्य चालू ठेवले. ठाण्यात नेस्टोरियन, म्हणजे इराणमार्गे आलेल्या पौर्वात्य परंपरेचे, ख्रिस्ती आधीपासून होते. तथापि भारतातील विखुरलेल्या ख्रिस्तींना बाप्तिस्मा, म्हणजे जलसंस्कार, ठाऊक नसून ते संत थॉमसलाच ख्रिस्त मानतात, असे तो आपल्या ‘मिराबिलिया’ या वर्णनग्रंथात खेदाने नोंदवतो. सुमारे 300 जणांना आपण श्रद्धेत आणले, असे तो सांगतो. सहकाऱ्यांविना झालेले हे काम खरोखर थोर आहे. मदतीस धर्मबंधू पाठवावेत, अशी विनवणी त्याने पत्रांतून केली. 1329 मध्ये पोपने त्याला कोल्लमचा बिशप नेमले.