विठा घाटातली अमेरिकन

1979चा जुलै. अकोले स्टँडाबाहेर तुम्ही भिजत उभे आहात आणि राजूरच्या एसटीचा पत्ता नाही. काल रात्रीपर्यंत तुम्ही फोनवर फोर्ड मस्टँग आणि पॉन्टिअ‍ॅक जीटीओ बघत होतात. तो फोन आता खिशात मुकाट पडलाय. समोर उभी आहे ती जीप.

कॅनव्हासचं हूड ठिगळांनी धरलेलं. कुठल्याशा खात्याने लिलावात काढलेली असावी, कारण नव्या रंगाखालून जुनी सरकारी अक्षरं डोकावतायत. मागच्या पत्र्यावर ठळक रंगवलंय, ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’. मागे समोरासमोरच्या बाकांवर सहा जण, त्यांची घोंगडी, इरली आणि पिशवीतून मान काढलेली एक कोंबडी.

“सरका पाव्हणं, अजून एक मावतोय.”

तुम्ही सवयीने डावीकडून चढायला जाता आणि तिथे ड्रायव्हर बसलेला. त्याच्या सीटखालीच पेट्रोलची टाकी, त्यामुळे वास थेट नाकात. विडी मात्र तो बिनधास्त ओढतोय. (आठवणींच्या रम्य फोटोंत हा वास कधी येत नाही.) तुम्ही वळसा घालून उजवीकडे बसता. पोरगेलासा क्लीनर बंपरपुढे वाकून हँडल मारतो. तिसऱ्या झटक्याला इंजिन खोकतं आणि मग एका लयीत गुरगुरायला लागतं.

ही मूळची ओहायोतल्या टोलेडो गावची. तिथल्या विलिज-ओव्हरलँड कंपनीने दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी जीप बनवली. 2 ऑक्टोबर 1945 रोजी सुरू झालेल्या महिंद्र अँड मोहम्मदने 1947पासून मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि पुढच्याच वर्षी कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. तुम्ही बसलात ते सीजे-3बी मॉडेल. चार सिलिंडर, 2.2 लिटर, अश्वशक्ती सत्तरीच्या आसपास. 1964च्या जीटीओत 6.4 लिटरचं व्ही-8 इंजिन आणि 325 अश्वशक्ती होती. आकड्यांत तुलनाच नको.

पण विठा घाट लागू द्या.

चढाला चिखल वाहून आलाय आणि पुढचा ट्रक रुतून आडवा झालाय. जागा उरलीय ती कडेच्या घसरणीवर. ड्रायव्हरच्या पायाशी तीन दांडे आहेत. एक गियरचा. दुसरा ओढला की पुढची चाकंही जोर लावतात. तिसरा लो गियरचा, त्याने चाकं जवळपास अडीचपट हळू फिरतात आणि ओढ त्याच हिशेबाने वाढते. तो जीप थांबवतो, दुसरा दांडा ओढतो, मग तिसरा, आणि पहिला गियर करकरत टाकतो. ट्रकच्या पलीकडचं त्याला डावीकडून दिसत नाही. ते बघायचं काम आता तुमचं.

“काय येतंय का?”

“काही नाही.”

“मग धरून बसा.”

जीप माणसाच्या चालीने चढते. टायर घसरतं, पकडतं, पुन्हा घसरतं. बोनेट थरथरतं, तुमचे दात वाजतात, मागे कुणीतरी अगस्ती ऋषींना हाक मारतं. मग एकदम चाकाखाली खडी लागते आणि तुम्ही ट्रकच्या पुढे असता. कुणी टाळी वाजवत नाही. कोंबडीवाली बाई एवढंच विचारते, शेंडीपर्यंत जाणार का राजुरातच सोडणार?

तिकडे जीटीओसारख्या डेट्रॉइटच्या मसल कारचं तेज तोवर विझलंय. प्रदूषणाचे नियम, विम्याचे वाढलेले हप्ते आणि 1973चं तेलसंकट, तिघांनी मिळून तो खेळ आटोपता घेतला. मसल कार सरळ रस्त्यावर, सिग्नल ते सिग्नल जिंकण्यासाठी होती. कोल्हार-घोटी रस्त्याच्या या टप्प्यावर तिचं पोट पहिल्याच खड्ड्यात टेकलं असतं. मला विचाराल तर अमेरिकेची खरी ताकद अकोले तालुक्याने पाहिली ती लो गियरमध्येच.

राजूर मागे पडतं. रंध्याचा धबधबा दिसायच्या आधी ऐकू येतो आणि शेंडीला तुम्ही उतरता तेव्हा 1926 साली पुरं झालेलं विल्सन धरण धुक्यात अर्धंच दिसतं. ड्रायव्हर भाडं घेतो, ओली नोट टोपीत ठेवतो.

आता परत या. आज अशा जीपना हौशी गिऱ्हाईक आहे. बहुतेक जण घेतल्याबरोबर ट्रॅक्टरएवढी टायरं, एलईडीच्या पट्ट्या आणि कर्णे बसवतात. मला ते बघवत नाही. शिवाय तोट्याचंही आहे. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी-चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. रोजच्या वापराला किंवा भाड्याला मात्र ती चालवता येत नाही. तेव्हा तुमच्या चुलत्याच्या गोठ्यामागे एखादी पाचटाखाली पडली असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तिचं आरसी बुक शोधा आणि ते तीन दांडे जागेवर आहेत ना, एवढं बघा.