छपरावरील तबकडी आणि आकाशातील कुलूप

बीडहून सोलापूरकडे निघाले की बालाघाटाच्या डोंगरावर मांजरसुंबा लागते. धुळे-सोलापूर महामार्गावरून केज-आंबेजोगाईकडे जाणारा रस्ता येथेच फुटतो. एका शिक्षक शिबिराला जाताना आम्ही तेथे चहासाठी थांबलो होतो. समोरच्या पत्र्यांवरील डिश अँटेना दाखवून बरोबरचे गुरुजी म्हणाले, "सर, या लहरी न बोलावता आमच्या छपरावर येतात. मग पैसे न भरता त्या पकडल्या, तर ती चोरी कशी? सातवीतल्या मुलाने विचारले आणि मी निरुत्तर झालो." चहा संपेपर्यंत आम्हालाही नीट उत्तर देता आले नाही. ते शोधायचे, तर थोडा इतिहास पाहावा लागतो.

उपग्रह दूरचित्रवाणी आपल्या खेड्यांत प्रथम आली ती कुलपाविना. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर 'साइट' हा प्रयोग चालला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील २४०० खेड्यांना शेती, आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम दिसत होते. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण शेजारच्या कर्नाटकातील गुलबर्गा जिल्हा होता. संच सार्वजनिक, खर्च शासनाचा. तेथे चोरीचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

अमेरिकेत गोष्ट वेगळी घडली. एचबीओसारख्या वाहिन्या आपले कार्यक्रम केबलचालकांकडे उपग्रहामार्फत पाठवत. हौशी लोकांनी अंगणात मोठ्या तबकड्या उभारून ते थेट पाहायला सुरुवात केली. १९८४ च्या कायद्याने असे खुले संदेश घरी पाहण्यास मुभाही दिली. मग जानेवारी १९८६ मध्ये एचबीओने आपले संदेश कूटबद्ध केले, म्हणजे त्यांना कुलूप घातले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चिडलेल्या एका तंत्रज्ञाने एचबीओच्या प्रक्षेपणावर काही मिनिटे आपला निषेधाचा मजकूर झळकावला. कुलूप आले, आणि पाठोपाठ ते फोडणारेही आले.

भारतात १९९१ मध्ये एशियासॅट-१ वरून स्टार टीव्ही दिसू लागला, तो प्रथम खुलाच. गल्लीतल्या केबलवाल्याने एक तबकडी बसवायची आणि घरोघर तारा ओढायच्या, असा तो काळ. पुढे काही वाहिन्या पैसे मागू लागल्या. तेव्हा शंभर घरांना जोडणी देऊन कमी घरे दाखवायची, ही आपल्याकडची खास पळवाट झाली. प्रेक्षक बिचारा पैसे भरतच होता. ते वाहिनीपर्यंत पोहोचत नव्हते, इतकेच.

याच सुमारास, फेब्रुवारी १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणासंबंधीच्या एका खटल्यात सांगितले की, आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मग गुरुजींच्या विद्यार्थ्याचे म्हणणे बरोबरच ठरले की काय? अर्धे बरोबर ठरले. मांजरसुंब्यावरून जाणारा महामार्गही सार्वजनिक आहे. पण त्यावरून जाणाऱ्या ट्रकमधला माल सार्वजनिक नाही. लहर हा रस्ता, कार्यक्रम हा माल. माल उघडा ठेवून 'घ्या' म्हटले असेल, तर घेण्यात काहीच गैर नाही. कुलूप लावले असेल, तर ते मोडणे गैर आहे.

हे कुलूप असते तरी कसे? चित्र व ध्वनी यांचे अंक एका गुप्त किल्लीने विस्कटून पाठवतात. ही किल्ली दर काही सेकंदांनी बदलते आणि तीही कुलूपबंदच येते. पैसे भरणाऱ्याच्या सेट टॉप बॉक्समधील कार्ड ती उघडते. एका कार्डाने उघडलेल्या किल्ल्या इंटरनेटवरून इतरांना वाटणे, हा चोरीचा एक प्रकार झाला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानुसार हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

'गरिबाने मग पाहायचेच नाही का?' हा प्रश्न तरीही उरतो. त्याचे उत्तर १६ डिसेंबर २००४ रोजी मिळाले. दूरदर्शनने 'डीडी डायरेक्ट प्लस' ही सेवा ३३ वाहिन्यांसह सुरू केली. तीच आजची 'डीडी फ्री डिश'. तबकडी व बॉक्स एकदा विकत घ्यायचा. मासिक वर्गणी नाही. खाजगी वाहिन्या येथे जागेसाठी दूरदर्शनला लिलावात पैसे मोजतात आणि ते जाहिरातींतून मिळवतात. म्हणजे फुकट काहीच नसते. पैसे कोण देतो एवढेच बदलते. कोविडच्या काळात, जुलै २०२० पासून, शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीची मालिका लागली. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, तेथेही ती या मोफत तबकडीवर पाहता येत होती. 'सगळे चॅनेल फुकट' म्हणून चोरटा बॉक्स विकणाऱ्याकडे जाण्याआधी हा उघडा दरवाजा पालकांना ठाऊक हवा.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मांजरसुंब्याहून हिशेब केला, तर तो बरोबर आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर येतो. होकायंत्र व कोनमापक घेऊन मुलांना गावातील फ्री डिशच्या तबकड्या तपासू द्या. दिशा जुळेल, तबकडी मात्र अपेक्षेपेक्षा बरीच उभी दिसेल. ती लहरी तिरक्या परावर्तित करते, म्हणून तिचा ग्राहक खालच्या बाजूला बसवलेला असतो. हे का, ते मुलांनाच शोधू द्या. आणि मोजमाप झाल्यावर तो सातवीतला प्रश्नही वर्गात चर्चेला घ्या.