तुमचा अर्ज चांगला आहे, पण मुदत किती?

पीएचडी किंवा पोस्टडॉकसाठी अर्ज करणारे ज्युनिअर मला विचारतात, "ताई, अर्ज मजबूत कसा करायचा?" मी हल्ली आधी उलट विचारते: निवड कधी होणार, आणि होकार द्यायला तुम्हाला किती दिवस मिळणार? हा प्रश्न मला सुचला तो अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या इतिहासामुळे. मी रसायनशास्त्राची, तरी हा इतिहास तुम्हाला सांगावासा वाटतो.

तिथे डॉक्टर झाल्यावर इंटर्न म्हणून रुग्णालयात जागा मिळवावी लागे. चांगला मुलगा दुसऱ्याने पटकावण्याआधी आपण घ्यावा, म्हणून रुग्णालयं निवड अलीकडे आणत गेली. इतकी, की १९४४ पर्यंत पदवीला जवळपास दोन वर्षं बाकी असतानाच जागा ठरू लागल्या. तेव्हा १९४५ मध्ये कॉलेजांनी ठरवलं, ठराविक तारखेआधी गुण आणि शिफारसपत्रं कोणालाच द्यायची नाहीत. झालं काय, तारीख थांबली पण घाई थांबली नाही. उत्तर द्यायला आधी १० दिवस होते, ते दरवर्षी कमी होत गेले. १९४९ मध्ये असं सुचवलं गेलं की मध्यरात्री तार करावी आणि विद्यार्थ्याने त्याच दुपारी १२ पर्यंत उत्तर द्यावं. रुग्णालयांच्या संघटनेला हे १२ तासही जास्त वाटले!

शेवटी १९५२ मध्ये 'मॅच' आली. दोन्ही बाजूंनी पसंतीक्रम द्यायचा आणि एका मध्यवर्ती पद्धतीने एकाच दिवशी जोड्या लावायच्या. (यामागच्या गणितावर गेल आणि शॅप्ली यांनी १९६२ मध्ये, म्हणजे मागाहून लिहिलं. शॅप्ली आणि आल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.)

आता खरी गोष्ट. पोटाच्या विकारांच्या, म्हणजे गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या फेलोशिपसाठी १९८६ पासून मॅच होती. १९९६ च्या सुमारास दोन गोष्टी एकदम झाल्या. या शाखेत डॉक्टर गरजेपेक्षा जास्त होणार असा अहवाल आला, म्हणून जागा कमी करायचं ठरलं. शिवाय प्रशिक्षण दोनाऐवजी तीन वर्षांचं झालं. जागा घटल्या, पण अर्जदार त्याहून जास्त घटले. आपली जागा रिकामी राहील या भीतीने विभागप्रमुखांनी मॅचची वाट न बघता थेट जागा द्यायला सुरुवात केली. शेजारी देतोय म्हटल्यावर आपण थांबून कसं चालेल? तीन-चार वर्षांत मॅच मोडलीच.

या काळात 'स्पर्धेत टिकणारा उमेदवार' कोण होता ते बघा. मुलाखती अलीकडे आल्या, म्हणजे रेसिडेन्सीचा थोडाच काळ पार पडलेला; शोधनिबंध छापून यायला वेळच नाही. मग प्रमुखांनी कोणावर भरवसा ठेवायचा? रोज समोर दिसणाऱ्यावर. म्युरिएल नीडर्ले आणि रॉथ यांनी आकडे तपासले, तर मॅच नसताना जास्त डॉक्टर रेसिडेन्सीच्याच रुग्णालयात फेलो झालेले दिसले. दूरच्या, छोट्या रुग्णालयातल्या हुशार मुलीचा अर्ज कितीही भारी असो, तो पोचेपर्यंत जागा गेलेली असणार.

आपल्याकडे डीएमचा प्रवेश नीट-एसएसच्या गुणांवर ठरतो, त्यामुळे हे परकं वाटेल. पण तुम्ही गाइडला मेल करून पोझिशन शोधता ना, तो बाजार याच जातीचा. मला एका संस्थेने दोन दिवसांत उत्तर मागितलं होतं. दुसरीकडची मुलाखत पुढच्या आठवड्यात होती. मी घाबरून हो म्हटलं.

गॅस्ट्रोची मॅच २००६ मध्ये परत आली. ती परत आणताना अडचण गणिताची नव्हती, एकमेकांवरच्या अविश्वासाची होती. 'मी थांबेन, पण बाकीचे थांबतील कशावरून?' म्हणून संघटनांनी एक साधा नियम केला: मॅचआधी कोणी घाईने होकार घेतला असेल, तर उमेदवार तो मोडून मॅचमध्ये उतरू शकतो. त्यामुळे आधी पकडून ठेवण्यात काही अर्थच उरला नाही. हा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या पीएचडीचं तिसरं वर्ष चालू होतं.