खवल्यांची मासळी

सकाळी सात वाजता ओट्यावर टोपली टेकल्याचा आवाज आला आणि मी बाहेर आले. कोळीण उकिडवी बसून टोपलीवरचं ओलं फडकं काढत होती. वर पापलेटं, खाली बोई, मधोमध एक चांगला हातभर जिताडा, कडेला कोळंबी, दोन चिंबोऱ्या आणि तळाशी मुशीचं पिल्लू. मी काही बोलायच्या आत तिने कोळंबी, चिंबोऱ्या आणि मुशी एका बाजूला सारल्या, त्यांच्यावर फडकं ओढलं आणि उरलेली मासळी पुढे करत म्हणाली, "ही तुमची, बाय. खवल्यांची."

मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या लहानपणी याच ओट्यावर तिची आजेसासू बसायची. मधल्या पन्नास वर्षांत टोपली सासूकडून सुनेकडे गेली, गिऱ्हाइकं गेली आणि त्यांच्याबरोबर हेही गेलं, की अलिबागच्या इस्रायल आळीतल्या या घरात खवले आणि पर नसलेली मासळी शिजत नाही. तिला कोणी धर्मग्रंथ वाचून दाखवला नव्हता. सासूने सांगितलं होतं, एवढंच.

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू. १९७१ साली, नऊ वर्षांची असताना, आईबाबांबरोबर इस्रायलला गेले. या माघात चुलतभावाच्या लेकीचं लग्न होतं, म्हणून नातीला घेऊन आले. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरलो, तिथून रिक्षाने घरी. दारात थोरली आत्या उभी होती. वय नव्वदीला टेकलेलं, पाठ वाकलेली, पण आवाज शाळेत बाई होती तेव्हाचाच. सगळे गेले, आत्या गेली नाही. "मी गेले तर घराला कोण विचारील?" असं ती तेव्हा म्हणाली होती.

त्या सकाळी आत्या पाट घेऊन मोरीजवळ बसली, मी विळीवर जिताड्याचे खवले काढू लागले आणि नात शेजारी बसली. आत्याने नातीला तीच गोष्ट सांगितली, जी तिने मला सांगितली होती आणि तिला तिच्या आजीने.

फार वर्षांपूर्वी दावीद राहाबी नावाचा परदेशी ज्यू या किनाऱ्यावर आला. इथले काही लोक शनिवारी काम करत नाहीत, मुलाची सुंता आठव्या दिवशी करतात, हे त्याच्या कानावर आलं. हे आपलेच तर नव्हेत, असं त्याच्या मनात आलं. पण विचारायचं कोणाला? पोथी कोणाजवळ नव्हती, हिब्रू कोणाला येत नव्हतं. 'शेमा इस्राएल' या प्रार्थनेचे तेवढे शब्द ओठांवर उरले होते. सुखदुःखाच्या प्रत्येक प्रसंगी तेच म्हणायचे. मग राहाबीने बाजारातून सगळ्या जातीची मासळी एकत्र आणवली आणि घरातल्या बायकांपुढे ठेवून म्हणाला, रांधा. बायकांनी मासळी निवडली. खवले आणि पर असलेली एकीकडे, बाकीची दुसरीकडे. "ही आम्ही खात नाही," म्हणाल्या. राहाबीला उत्तर मिळालं. त्याने तीन घरांतल्या माणसांना धर्म शिकवला आणि त्यांना काझी म्हणू लागले.

राहाबी नेमका कधी आला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आमच्या समाजाचा इतिहास लिहिला. त्यांनी त्याला जवळजवळ हजार वर्षं मागे नेलं. काहींच्या मते तो अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्यातला. आत्याला या वादात रस नाही. तिच्या गोष्टीत महत्त्वाच्या आहेत त्या मासळी निवडणाऱ्या बायका. त्यांना परीक्षा चालली आहे हे ठाऊकही नव्हतं. त्या रोजचा स्वयंपाक करत होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही नवगावला गेलो. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही बेटं. आमच्या वडीलधाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे, दोन हजार वर्षांपूर्वी याच किनाऱ्याजवळ आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेतं गावकऱ्यांच्या साक्षीने इथेच पुरली. केहिमकरांनी हा काळ इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराचा मानला. लेखी पुरावा कुठेच नाही. आज तिथे स्मारकाचा खांब आहे. नातीने त्यावरची हिब्रू अक्षरं घडाघडा वाचली, आत्याने मराठी. मी दोघींच्या मधे उभी होते.

वाचलेल्या चौदा जणांना किनाऱ्यावरच्या गावांनी जागा दिली. पुढे ही माणसं गावोगाव पसरली आणि गावांची नावंच आडनावं झाली. किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर. पुष्कळांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद. बैल दावणीला आणि माणसं घरात. आत्या सांगते, गावातल्या बायका शुक्रवारी दुपारीच तेलाची बुधली घेऊन यायच्या, उद्या मिळायचं नाही हे माहीत असायचं. गावाने आम्हाला नाव दिलं, शनिवार तेली.

लहानपणी हे नाव मला कमीपणाचं वाटायचं. यंदा नवगावच्या वाळूत उभं राहून वाटलं, यापेक्षा मोठी नोंद कोणती? शब्बाथ हा शब्दसुद्धा विसरलेल्या माणसांचा शब्बाथ शेजाऱ्यांच्या तोंडी टिकला. आम्ही हिब्रू विसरलो होतो. आमचा शनिवार गाव विसरलं नव्हतं.

पोथी नव्हती, तेव्हा पंचांग चुलीवर होतं. आत्याच्या तोंडी आमच्या सणांची नावं अजून तशीच आहेत. नववर्षाचा तो नव्याचा सण. त्याच्या मागोमाग नव्या पिकाच्या खिरीचा, तो खिरीचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा शोक म्हणजे बिरड्याचा सण, कारण तेव्हा वालाचं बिरडं व्हायचं. पेसाह, बेखमीर भाकरीचा सण, म्हणजे अनाशी ढाकण्याचा सण. अनाशी म्हणजे घरातलं आंबट, ते त्या आठवड्यात झाकून ठेवायचं. आणि योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे दार फाळणीचा सण. त्या दिवशी दारं लावून घरातली सगळी माणसं उपाशी प्रार्थनेत बसायची. शुक्रवारी रात्री द्राक्षाच्या दारूऐवजी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून केलेलं सरबत. मटणात दूध-दही चालत नाही, म्हणून रश्शाला नारळाचं दूध. कोकणाने आम्हाला नारळ दिला म्हणून मोशेचा नियम सुखाने पाळता आला, असं आजी म्हणायची.

पुढे ग्रंथ आले. १८७४ साली पुण्यात पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, मराठीत छापली गेली. तिच्यातल्या एका चित्रात साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. मुंबईत तर त्याच्याही आधी, १७९६ साली, सामाजी हसाजी दिवेकरांनी आमचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. ते कंपनी सरकारच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. तुम्ही कोण, असं विचारल्यावर ते म्हणाले, बेने इस्रायल. टिपूच्या आईने हे नाव कुराणात ऐकलेलं होतं, तिने त्यांना जीवदान द्यायला लावलं, असं आत्या सांगते. सुटून आल्यावर त्यांनी नवस फेडला. प्रार्थनामंदिराला आम्ही मशीदच म्हणत आलो आणि मशीद बंदर स्टेशनाचं नाव तिच्यावरूनच पडलं, हे आमच्या घरात अभिमानाने सांगतात. अलिबागची आमची मशीद, मागेन आबोथ, १८४८ सालची. माझ्या भाचीचं लग्न तिथेच लागणार होतं.

एक गोष्ट आत्या सांगत नाही, कारण ती तिकडे, इस्रायलमध्ये घडली. ती मला बाबांच्या चुलतभावाने सांगितली. एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीला, आमच्या लोकांची तिकडे लग्नं ठरू लागली तेव्हा, तिथल्या धर्मपीठाने शंका काढली. तुम्ही खरे ज्यू कशावरून? आईच्या आईपर्यंतची वंशावळ तपासू. काकांचं लग्न ठरलेलं होतं, मुलीचे कपडे शिवून झालेले होते. त्यांच्याकडे कागद मागितला. कागद कुठला असणार? आजीचा जन्म पोयनाडच्या घरात सुइणीच्या हातावर झालेला. काका आणि त्यांच्यासारखे शेकडो जण जेरुसलेममध्ये रस्त्यावर उतरले, धरणं धरलं. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला, की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. काकांचं लग्न लागलं. पण म्हातारपणीही ते एक वाक्य बोलायचे आणि गप्प व्हायचे. "ज्या गावाला आपल्याला आपलं मानायचं काही कारण नव्हतं, त्याने ओळखलं. आणि ज्यांना आपण आपले म्हणून गेलो, त्यांनी कागद मागितला."

ओट्यावर कोळणीने फडकं ओढलं, तेव्हा मला काकांचं हे वाक्य आठवलं. त्यांना म्हणावंसं वाटलं, काका, कागद होता. तो टोपलीत होता.

मेंदीच्या दिवशी घर भरलं. ठाण्याहून, पेणहून, पनवेलहून माणसं आली. १९५०च्या सुमाराला भारतात आमची वीस हजारांच्या आसपास वस्ती होती. आज पाच हजारही उरलेली नाही. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि रायगडच्या गावांतून ते दहा जमवायला फोन करावे लागतात. त्या दिवशी बाहेर पडवीतच वीस जण होते. आत्या प्रत्येकाला नाव विचारत होती आणि नाव ऐकलं की आजोबांचं गाव सांगत होती.

संध्याकाळी मलिदा. एलियाहू हन्नाबीचे आभार मानल्याशिवाय आमच्याकडे कोणतंही शुभकार्य होत नाही. हा संदेष्टा अग्निरथातून स्वर्गात जाताना अलिबागजवळच्या सागावला टेकला, तिथल्या खडकावर त्याच्या घोड्यांच्या टापा उमटल्या, ही आमची श्रद्धा आहे. जगातल्या सगळ्या ज्यूंना एलियाहू ठाऊक आहे. पण पोह्याचा मलिदा करून त्याला आळवतो ते आम्हीच.

पोहे धुऊन निथळत ठेवले होते. नात खोवणीवर बसली. तिला खोवणी माहीत नव्हती. पहिली वाटी खोवताना तिने बोट कापून घेतलं, दुसऱ्या वाटीला हात बसला. ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम, बेदाणे पोह्यांत कालवून मोठ्या परातीत शीग लावली. भोवती केळी, चिकू, खजूर, सफरचंद, पपई मांडली, गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या आणि सब्जाच्या डहाळ्या. झाडाच्या फळाचा आशीर्वाद, जमिनीच्या फळाचा, मग सुगंधाचा. सब्जाची डहाळी ज्याने त्याने नाकाशी धरली आणि ती हातोहात फिरली. एलियाहू हन्नाबीचं गीत सुरू झालं. शब्द हिब्रू, चाल आमच्या कोकणातली. नात तिकडच्या शाळेत हिब्रूच शिकते, म्हणून तिला प्रत्येक शब्द कळत होता. आत्याला एकाही शब्दाचा नेमका अर्थ येत नाही, पण तिची एक मात्रा चुकली नाही. दोघी शेजारी बसून गात होत्या.

रात्री पोरांनी वाडीत पोपटी लावली. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मीठ-ओवा, पुन्हा भांबुर्डा. मडकं उपडं करून भोवती पेंढा पेटवला. शेजारची आगऱ्यांची पोरं शिकवत होती, आमची पोरं ऐकत होती. शेंगा सोलताना कोण कुठल्या देशातून आलंय, हे अंधारात कळत नव्हतं.

पंगतीआधी मात्र आत्याने मला एक काम दिलं होतं. मलिद्याच्या ताटल्या भरायच्या. पहिली कोळणीच्या घरी, दुसरी आगऱ्यांकडे, तिसरी समोरच्या दळणवाल्याकडे, चौथी मशिदीची किल्ली सांभाळणाऱ्या कुटुंबाकडे. "घरचे मागाहून खातील," ती म्हणाली, "आधी दाराबाहेर."

लग्न थाटात लागलं. पांढऱ्या साडीतली भाची, तिच्याकडे बघत हिब्रू गाणं म्हणत उभा राहिलेला नवरा मुलगा, आणि मागच्या बाकांवर सगळी आळी. गाणं सुरू झाल्यावर उभं राहायचं, हे आळीला कुणी सांगावं लागलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी ताटल्या परत येऊ लागल्या. आमच्याकडे कोणी भांडं रिकामं परत करत नाही. आगऱ्यांच्या ताटलीत वालाच्या शेंगा होत्या, दळणवाल्याच्या ताटलीत नवे पोहे. कोळणीची ताटली तिची लेक घेऊन आली. वरचं केळीचं पान काढलं. आत चार बोई होत्या, ताज्या, डोळे लकाकणारे.

नातीने एक बोई हातात घेतली, अंगठा शेपटीकडून डोक्याकडे फिरवला. खवले बोटाला लागले तसे तिने माझ्याकडे बघितलं आणि मराठीत म्हणाली, "आपली."