पाव गुणाचा निकाल : हेन्री कूपर आणि जो बग्नर
१६ मार्च १९७१ रोजी वेम्बली येथे पंच हॅरी गिब्ज यांनी अवघ्या पाव गुणाने जो बग्नर यांना विजयी घोषित केले. ३६ वर्षीय हेन्री कूपर ब्रिटिश, राष्ट्रकुल व युरोपीय अजिंक्यपदे गमावून निवृत्त झाले. कर्तृत्वात बग्नर उणे नव्हते. मुहम्मद अलींविरुद्ध १९७३ व १९७५ मध्ये ते अखेरच्या फेरीपर्यंत टिकले. कूपर यांना १९६३ व १९६६ मध्ये जखमांमुळे पराभव पत्करावा लागला. तथापि १९६३ मध्ये त्यांनी अलींना खाली पाडले, तोच क्षण लोकस्मृतीत राहिला. २००० मध्ये कूपर ‘सर’ झाले. हंगेरीतून निर्वासित म्हणून आलेले बग्नर ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. सारांश, विजेता गुणपत्रिका ठरविते. वारसा मात्र समाजाची आपुलकी ठरविते, आणि ती नेहमीच निःपक्षपाती नसते.